आठव्या-नवव्या महिन्यातलं कंबरेचं दुखणं: आधी एका बोटाने जागा दाखवा

"कंबर दुखी ऱ्हायनी." जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीच्या रांगेत बसा, हे वाक्य कानावर पडतंच. उत्तरंही ठरलेली असतात: कॅल्शियम घे, मलम चोळ, आता बाळंतपण झाल्यावरच थांबेल. यातलं शेवटचं उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. बऱ्याच जणींचं दुखणं आठव्या महिन्यातही पुष्कळ कमी करता येतं. फक्त त्याआधी नेमकं कुठे दुखतं ते दाखवायचं. तळहात सगळ्या पाठीवर फिरवून नाही, एका बोटाने.

बोट शेवटच्या बरगडीच्या खाली आणि परकराची नाडी बांधतो त्या रेषेच्या आसपास, मणक्याजवळ पडलं तर ते कंबरेचं दुखणं. पोट पुढे आल्यामुळे तोल सावरायला बाई मागे कलते, कंबरेचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणले गेल्यामुळे पुढून आधार राहत नाही आणि मागच्या स्नायूंना दिवसभर ओढून धरावं लागतं. हे दुखणं वाकल्यावर, ओट्याशी फार वेळ उभं राहिल्यावर किंवा एकाच जागी बसून राहिल्यावर वाढतं.

बोट त्याहून खाली, कुल्ल्यांच्या वर दोन बाजूंना खळ्या दिसतात तिथे पडलं, किंवा पुढे ओटीपोटाच्या अगदी खाली, दोन जांघांच्या मधल्या हाडावर पडलं, तर ते ओटीच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं. डॉक्टर याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला ते होतं. कधी ते मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरतं. रात्री कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना, रिक्षात पाय टाकताना कळ येते. चालताना पुढच्या हाडात 'कट' असा आवाजही येतो. तो आवाज ऐकून बाई घाबरते, पण नुसत्या आवाजाने काही बिघडत नाही.

ओटीचा भाग म्हणजे हाडांचं एक कडं आहे. मागे त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं हाड), दोन्ही बाजूंना नितंबाची हाडं, आणि पुढे ती दोन हाडं कूर्चेने जोडलेली. पुढच्या जोडात एरवी ४ ते ५ मिलिमीटर फट असते. गरोदरपणात ती आणखी २ ते ३ मिलिमीटरने वाढते, आणि ते स्वाभाविक आहे. १० मिलिमीटरच्या वर गेली तर मात्र हाडं फाकली असं म्हणतात, आणि तसं क्वचित होतं. गंमत म्हणजे फट किती आणि दुखणं किती यांचा मेळ बसत नाही. रिलॅक्सिन नावाच्या संप्रेरकाने हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात हे खरं, पण रक्तात ते जास्त असलेल्या बाईला जास्त दुखतं असंही दिसत नाही. प्रत्यक्षात त्रास होतो तो कड्याच्या दोन बाजूंवर भार असमान पडल्याने. म्हणून या दुखण्यात एका पायावर भार टाकणारी आणि मांड्या फाकवणारी प्रत्येक हालचाल छळते.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. मिनिटभर पाठीवर झोपा, पाय सरळ, दोन्हींत थोडं अंतर. आता गुडघा न वाकवता एक पाय वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर उचला. मग दुसरा. पाय शिशासारखा जड वाटला किंवा सांध्यात कळ आली, तर नवऱ्याला किंवा जाऊबाईंना दोन्ही खुब्यांवर बाहेरून तळहात ठेवून आत दाबायला सांगा आणि पाय पुन्हा उचला. दाबल्यावर पाय हलका उठला तर दुखणं सांध्यांचं आहे आणि कुल्ल्यांभोवती बांधायच्या पट्ट्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. पाठीवर पडून चक्कर किंवा मळमळ आली तर लगेच डाव्या कुशीवर वळा. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडल्याने तसं होतं.

हे वेगळं ओळखायचं कारण असं, की पहिल्याचा उपाय दुसऱ्याला बाधतो. कंबरेच्या स्नायूंच्या दुखण्यात चालणं चांगलं, हालचाल जितकी तितकी बरी. सांध्याच्या दुखण्यात सलग पाऊण तास चाललेली बाई त्या वेळी ठीक असते आणि रात्री तिला कूस बदलता येत नाही. या दुखण्यात शिक्षा उशिरा मिळते, त्यामुळे कशाने वाढलं तेच लक्षात येत नाही. चालायचं ते दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, छोटी पावलं टाकत.

आता फरशी पुसण्याबद्दल. नववा लागला की सासूबाई, आई, शेजारच्या काकू सगळ्या एकमुखाने सांगतात, उकिडवं बसून फरशी पूस, जिने चढ-उतर कर, नॉर्मल होईल. सांधे दुखत नसतील तर जमेल तितकं करायला हरकत नाही. पण पुढच्या हाडात कळ येत असताना उकिडवं बसून एक पाय पुढे सरकवत जाणं म्हणजे दुखऱ्या सांध्याला दर फरशीमागे एक हिसका. त्याने बाळंतपण सोपं होत नाही. काठीचा पोछा घ्या, किंवा ते काम दुसऱ्या कुणाला करू द्या.

आपल्याकडची कामंही जरा जवळून पाहायला हवीत. एप्रिल-मेमध्ये वाळवणं निघतात. कुरडयांचा चीक घाटताना बाई एक पाय पुढे टाकून, कंबरेतून पिळून, दोन्ही हातांनी जोर लावते. हे काम सातव्या महिन्यानंतर सरळ नाकारावं. पापड लाटायचे असतील तर जमिनीवर मांडी घालून तीन तास बसण्यापेक्षा खुर्चीवर बसा आणि पोळपाट समोरच्या स्टुलावर घ्या. तासातून दोनदा उठा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर झोका खेळायचा मोह होतो, पण झोक्यावर चढता-उतरताना एका पायावर तोल जातो, तेव्हा यंदा नुसतं गाणं म्हणा. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईची गोष्ट आणखी अवघड. कापसासाठी कंबरेला बांधलेली झोळी, म्हणजे ओटी, भरत जाते तसा आधीच पुढे असलेला भार आणखी पुढे जातो. खरं तर शेवटच्या दोन महिन्यांत वेचणी नकोच. ज्या घरात मजुरीशिवाय भागत नाही तिथे निदान ओटी दोन-तीन किलोची झाली की रिकामी करायची आणि भरलेलं गाठोडं दुसऱ्याने उचलायचं. पाण्याचा हंडा एका कुशीवर घेणं तर पूर्ण बंद. दोन हातांत दोन लहान कळश्या चालतील.

उपायांत सगळ्यात जास्त फरक पडतो तो रात्रीच्या हालचालींनी, आणि त्याला पैसे लागत नाहीत. २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोपायचं. दोन्ही गुडघे वाकवून मधे उशी, आणि ती उशी घोट्यांपर्यंत पोचली पाहिजे. फक्त गुडघ्यांत ठेवली तर खालचा पाय लोंबतो आणि खुब्याला पीळ पडतो. पोटाखाली एक घडी केलेली गोधडी. झोळ पडलेली बाज किंवा नवारीची सैल खाट या महिन्यांत चालत नाही, कारण कुल्ले खाली जातात आणि वळायला खड्ड्यातून चढावं लागतं. नवार ओढून घट्ट करा, नाहीतर पलंगावर कापसाची गादी घ्या. जमिनीवर झोपण्याची सवय असली तरी आता टाळा. तिथून उठताना जो खटाटोप होतो त्यातच सांधा दुखावतो.

कूस बदलताना गुडघे आधी जोडून घ्यायचे, मधली उशी दाबून धरायची, श्वास सोडता सोडता खांदे, कंबर आणि गुडघे एकदम वळवायचे. आधी पाय आणि मग धड असं केलं की कळ आलीच. कंबरेखाली जुनी नायलॉनची साडी दुहेरी अंथरली तर सुती चादरीपेक्षा अंग सहज सरकतं. पायाखाली मात्र सुतीच राहू द्या, नाहीतर टाच रोवता येत नाही. उठताना आधी कुशीवर, मग जोडलेले गुडघे पलंगाच्या कडेबाहेर, मग हातांनी रेटा देऊन बसायचं. उभं राहण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबा.

कपडे बसून घाला. परकराची नाडी नेमकी मागच्या दुखऱ्या खळ्यांवर आवळली जात असेल तर जरा वर बांधा किंवा रुंद पट्टीचा परकर वापरा. जिना चढताना कमी दुखरा पाय आधी, उतरताना जास्त दुखरा पाय आधी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. मूल दुसरं असेल तर पहिल्याला कडेवर घेणं हेच सगळ्यात मोठं कारण निघतं. बसून मांडीजवळ घ्या.

मोटारसायकलवर साडी नेसून एका बाजूला बसलं की कंबरेखालचा भाग पिळलेला राहतो, आणि दोन्हीकडे पाय टाकून बसलं की मांड्या फाकतात. दोन्ही वाईट, त्यात आपले रस्ते. जावंच लागलं तर अंतर थोडं ठेवा आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर वेग बैलगाडीचा ठेवायला सांगा. एसटीत मागच्या चाकांवरची आणि शेवटची सीट घेऊ नका. काळीपिवळीत दाटीवाटीने मागे बसण्यापेक्षा नंतर येणारी गाडी बघा. कारमध्ये बसताना सीटवर पाठ करून आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर वळणं सोपं जातं, पण गाडी निघायच्या आधी ती काढून टाका.

पट्ट्याच्या बाबतीत दुकानात फसवणूक कमी आणि गोंधळ जास्त होतो. पट्टा मागितला की दुकानदार बाळंतपणानंतर पोटाला गुंडाळायचा वीतभर रुंदीचा पट्टा हातात देतो. तो आता बांधला तर पोटावर दाब येतो आणि सांध्याला आधार शून्य. तुम्हाला हवा असतो अरुंद, साधारण ५ ते ८ सेंटिमीटर रुंदीचा सॅक्रोइलियाक पट्टा. तो पोटावर नाही, पोटाच्या खाली बांधायचा: मांडीच्या हाडाचा जो उंचवटा खुब्याशी बाहेरून हाताला लागतो त्याच्या जरा वरून, मागे कुल्ल्यांवरून आणि पुढे जांघांमधल्या हाडावरून. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जे काम करते तेच इथे पट्टा करतो, कडं एकत्र धरतो. दोन बोटं आत सरकतील इतकाच ताण. उभं राहून, चालताना, कामाच्या वेळी वापरायचा. झोपताना आणि बसल्यावर काढायचा. लावल्यावर दुखणं वाढलं तर जागा किंवा ताण चुकला आहे. दोनदा जागा बदलूनही वाढतच असेल तर पट्टा तुमच्यासाठी नाही. काही जणींचे सांधे सैल नसून उलट स्नायू आवळलेले असतात.

व्यायाम थोडेच, पण रोज. पहिला ओणवं होऊन: तळहात खांद्यांच्या खाली, गुडघे खुब्यांच्या खाली. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर गोल करायची, ५ सेकंद, मग सपाट. सपाटच, खाली झोळ पडू द्यायचा नाही. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. कंबरेच्या दुखण्याला हा सगळ्यात लवकर लागू पडतो, आणि बाळाचा भार मिनिटभर मणक्यावरून उतरतो हा फायदा वेगळा. दुसरा ओटीच्या तळाचा: वारा आणि लघवी दोन्ही रोखून धरल्यासारखं आत ओढायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. सुरुवातीला चार-पाच सेकंदच जमतं, चालेल. दहा वेळा सावकाश, दहा वेळा झटपट, दिवसातून तीनदा. लघवी करताना मधेच धार थांबवून हा सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. तिसरा खुर्चीवर बसून: गुडघ्यांमधे टॉवेलची गुंडाळी, हळू दाबून ५ सेकंद, आठ-दहा वेळा. पुढच्या हाडात दुखणाऱ्या काही जणींना याने लगेच मोकळं वाटतं, काहींना वाढतं. वाढलं तर सोडून द्या. मलासन, बद्धकोनासन, पाय फाकवून केलेले ताण हे या दुखण्यात नकोत, गर्भसंस्काराच्या वर्गात सगळ्याजणी करत असल्या तरी.

शेक द्यायचा तो पाठीला, पिशवी कापडात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं. पोटावर कधीच नाही. पुढचं हाड सणकत असेल तर तिथे कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं जास्त बरा. तिळाच्या तेलाने पाठ आणि मांड्या हलक्या हाताने चोळून घ्यायला हरकत नाही. पण गावातल्या सुईणीकडून पोट 'सरळ करून घेणं', बाळ फिरवून घेणं, हे अजिबात करू नका. त्याने वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, डॉक्टरांना विचारून, दोन डोसांत किमान सहा तास ठेवून, कमीत कमी दिवस. मेडिकलवरून "अंगदुखीची द्या" म्हणून आणलेल्या गोळीत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं. २० आठवड्यांनंतर या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. त्याच औषधांचे मलमही विचारल्याशिवाय चोळू नका. कॅल्शियमच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात मिळतात त्या ५०० मिलिग्रॅमच्या दिवसाला दोन, जरूर घ्या. त्या रक्तदाब वाढू नये म्हणून आणि हाडांसाठी असतात. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. मात्र सांध्याचं दुखणं त्याने थांबेल ही अपेक्षा ठेवू नका. उलट सगळीच हाडं दुखतात, बसल्यावर उठताना मांड्यांत जोर येत नाही, चाल बदकासारखी झाली आहे, असं असेल तर ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासून घ्या. उन्हाच्या प्रदेशात राहूनही सगळं अंग झाकून वावरणाऱ्या बायकांत ती आढळते.

आणि आता जे दुखणं घरी बसून सोसायचं नाही ते. दुखणं लाटेसारखं येतं-जातं, त्या वेळी पोटाला हात लावला तर ते दगडासारखं कडक लागतं, आणि कूस बदलली तरी फरक पडत नाही, तर ते कंबरेचं नाही. घड्याळ लावून तासभर मोजा. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी तासात चार-पाच वेळा असं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. खान्देशच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि अंगातलं पाणी कमी झालं तरी पोट आवळून येतं. पाणी, ताक किंवा ओआरएस पिऊन डाव्या कुशीवर पडा, पण त्याने थांबलंच असं गृहीत धरू नका, मोजत राहा. बरगडीखाली एका बाजूला दुखणं, सोबत थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ, हा मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो आणि त्यात अकाली कळा सुरू होऊ शकतात. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, पोट सतत ताठ राहणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा. सातपुड्याच्या पाड्यांवरून, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूने येणाऱ्यांनी तर तासभर मोजत बसण्याऐवजी आशाताईंना आधीच कळवून गाडीची सोय करावी. पायातला जोर जाणं, दोन मांड्यांमधला भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं ही मणक्याची तातडीची लक्षणं आहेत. एकाच पोटरीला सूज, लाली आणि दुखणं असेल तर रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी पाहायला हवं. आणि जांघेत खोल, एका खुब्यावर भार टाकताच येत नाही असं दुखणं शेवटच्या महिन्यांत सुरू झालं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. क्वचित खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ होतं आणि मोडू शकतं.

यातलं काही नसलं तरी तपासणीत विषय काढायचाच. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे "कंबर दुखते" एवढं म्हणून थांबू नका. बोटाने जागा दाखवा, कूस बदलताना आणि जिन्यावर काय होतं ते सांगा, आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवता का विचारा. एक्स-रे लागत नाही, हाताने तपासूनच निदान होतं.

बाळंतपणासाठी एक माप घेऊन ठेवा. सदतिसाव्या आठवड्यात कुशीवर झोपून किंवा पलंगाच्या कडेला बसून गुडघे हळूहळू दूर करा आणि कळ येण्याआधी थांबा. दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजून माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहा. प्रसूतीच्या खोलीत हे अंतर शक्यतो ओलांडू नये म्हणून नर्सताईंना आधीच दाखवायचं, विशेषतः पाठीतून भूल दिली जाणार असेल तर. भूल असताना कळ जाणवत नाही आणि मांड्या हव्या तितक्या फाकवल्या जातात. कळा काढायला कुशीवर किंवा ओणवं राहणं पाठीवर पडण्यापेक्षा बरं. टाके घालताना पाय वर घ्यायचे असतील तर दोन्ही एकदम वर, दोन्ही एकदम खाली. नुसत्या या दुखण्यासाठी सिझेरियनची गरज नसते.

बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उतरतं. सव्वा महिना संपल्यावरही कूस बदलताना तीच कळ असेल तर पुन्हा दाखवा. आणि प्रसूतीच्या वेळी पुढच्या हाडात काही तुटल्यासारखं झालं आणि दुसऱ्या दिवशी पायच टाकता येईना, तर घरी जाण्याआधीच एक्स-रे काढून फट मोजून घ्या.